खाली विस्तव, वर विस्तव

निरोपसमारंभाचे दिवस जवळ आले की प्रत्येक शाळेत एक खाद्यसमिती जन्माला येते आणि तिच्या बैठका प्रयोगवहीपेक्षा अधिक गांभीर्याने चालतात. आमच्या खारेपाटणात अशाच एका समितीने ठरवले, की बटाटेवडा आणि वेफर्स आता पुरे. ह्या वेळी भाज्या आणि चीज घालून वरून खरपूस भाजलेले तिखट 'डिप' करायचे. मोबाइलवर कृती सापडली. तिची पहिलीच ओळ अशी होती, की ओव्हन १८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून घ्यावा. बैठक तेथेच संपली. "सर, ओव्हन नाही, म्हणजे बेत रद्द," असे मला सांगण्यात आले.

मला ह्या वाक्याचा राग आला. पण तो मुलांवर नव्हे, आपणा शिक्षकांवर. कारण हीच मुले उष्णतेच्या प्रसाराचे वहन, अभिसरण आणि प्रारण हे तीन प्रकार आकृत्यांसह लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवतात. आणि ह्याच मुलांच्या घरी, श्रावण-भाद्रपदात तवसे किसून, तांदळाचा रवा, गूळ आणि खोबरे घालून धोंडस भाजले जाते, किंवा निदान त्यांच्या आजीच्या चुलीवर ते भाजले जात असे. ते कसे भाजत? टोप चुलीवर ठेवून झाकणावर निखारे घालीत. खाली विस्तव आणि वर विस्तव. मित्रहो, हाच ओव्हन! ओव्हन ही वस्तू नव्हे, ती उष्णतेची एक मांडणी आहे. भिंतीतल्या खुंटीला वायर जोडून येणारा डबा हा त्या मांडणीचा एक प्रकार, झाकणावरचे निखारे हा दुसरा. रायगड जिल्ह्यात थंडीत वालाच्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, मडके पालथे घालून भोवती जाळ करतात, ती पोपटी हा तिसरा. दम देऊन केलेल्या बिर्याणीच्या हंडीवरही निखारेच असतात.

माझे म्हणणे एवढेच आहे, की उष्णतेचा धडा शाळेत ह्या टोपापासून सुरू व्हावा. का, ते पदार्थ करता करताच सांगतो.

डिप म्हणजे घट्टसर, पावाच्या किंवा भाकरीच्या तुकड्याने टिपून खायचा पदार्थ. पंधरा जणांसाठी आम्ही घेतले ते असे : पालक अर्धा किलो, दोन कांदे, दोन भोपळी मिरच्या, वाटीभर मक्याचे दाणे, सहा हिरव्या मिरच्या, लसणीचा एक गड्डा, पाव किलो प्रोसेस्ड चीज, अर्धा लिटर दूध, दोन चमचे लोणी आणि दोन चमचे मैदा. लोण्यावर मैदा परतून त्यात दूध हळूहळू घालायचे, दाट झाले की उतरवून दोन भाग चीज किसून घालायचे, परतलेल्या भाज्या मिसळायच्या आणि उरलेला एक भाग चीज वर पसरून भाजायचे. (पालकाऐवजी लाल माठ घ्यावा असे एकाने सुचवले. घेतला असता तर चव बिघडली नसती, पण पदार्थ गुलाबी झाला असता, आणि पंगतीला तो कोणी हातात धरला नसता.)

आता अडचण पाहा. हा लगदा टोपात घालून नुसता चुलीवर ठेवला तर काय होईल? पाणी तापवताना तळाचे पाणी हलके होऊन वर येते, वरचे खाली जाते आणि सगळे सारखे तापते. हे अभिसरण. पण मैद्याने आणि चिजाने दाट झालेला लगदा हलत नाही. तेथे अभिसरण जवळजवळ बंद. उरते ते वहन, आणि पाणी हे उष्णतेचे किती मंदवाहक आहे ते तुम्ही परीक्षानळीत पाहिलेले आहे. जाळीत अडकवलेला बर्फ तळाशी आणि वरच्या टोकाला उकळते पाणी, तो प्रयोग! म्हणून तळ करपतो आणि माथा कच्चा राहतो. ढवळावे तर वरचा थर मोडतो. आणि तो थर खरपूस व्हावा ह्यासाठीच तर सगळा खटाटोप.

वहनाला लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणात वाढत नाही, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. थर दुप्पट जाड केला तर वेळ चौपट. हे एक सूत्र ध्यानात आले की आजीच्या निखाऱ्यांचा अर्थ उलगडतो. चार सेंटिमीटर जाडीच्या थराला एकाच बाजूने उष्णता दिली तर तिला चार सेंटिमीटर जावे लागते. दोन्ही बाजूंनी दिली तर दोन्हीकडची उष्णता मध्यावर भेटते. प्रत्येकीला दोनच सेंटिमीटर जायचे असते. अंतर निम्मे, म्हणून वेळ चौथा हिस्सा! आम्ही प्रयोगशाळेतला थर्मामीटर झाकणाच्या कडेने थराच्या मध्यापर्यंत खुपसून पाहिले. प्रत्यक्षात वेळ चौथा हिस्सा नव्हे, सुमारे एक तृतीयांश भरला. तो तसा का भरला, ह्यावर मुलांनी अर्धा तास वाद घातला. झाकण आधी स्वतः तापायला वेळ घेते आणि झाकण व पदार्थ ह्यांच्यामध्ये हवेची पोकळी असते, हे उत्तर त्यांचे त्यांनीच काढले. पुस्तकातल्या सूत्राशी आकडा तंतोतंत जुळला असता तर हा अर्धा तास मिळाला नसता.

त्या पोकळीत एक गंमत आहे. वरून तापवलेली हवा वरच राहते. ती गरम म्हणून हलकी, आणि हलकी म्हणून खाली येण्यास नाखूश. म्हणजे झाकणाकडून पदार्थाकडे अभिसरणाने जवळपास काहीच येत नाही. हवा मंदवाहक, तेव्हा वहनही थोडेच. मग माथा भाजतो कशाने? मुख्यतः प्रारणाने. येथे मी स्वतः फसलो, ती हकीकत सांगायला हवी.

पहिल्या खेपेला मी टोपावर स्टीलचे नवे कोरे चकचकीत झाकण ठेवले. करवंट्यांचे लालभडक निखारे वर घातले आणि ऐटीत घड्याळ पाहत बसलो. वीस मिनिटांनी झाकण उचलले तर चीज वितळले होते, पण रंग मात्र फिकट पांढरट. भौतिकशास्त्राचा अध्यापक आणि त्याचे पंधरा विद्यार्थी टोपाभोवती उभे! शेजारच्या आजी हे सारे कुंपणापलीकडून पाहत होत्या. त्या भाकरीचा जुना लोखंडी तवा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "मास्तरानू, ह्यो घाला वर." तवा पालथा घातला, निखारे त्यावर सारले. दहा-बारा मिनिटांत माथ्यावर तांबूस डाग उमटू लागले.

कारण मी वर्गात दर वर्षी शिकवतो. चकचकीत पृष्ठभाग प्रारण शोषतोही कमी आणि उत्सर्जितही कमी करतो. काळा पृष्ठभाग दोन्ही गोष्टी भरपूर करतो. थर्मास फ्लास्कच्या आकृतीत चांदीचा लेप आम्ही ह्याच कारणासाठी दाखवतो. वर्षानुवर्षे भाकऱ्या भाजून काळी झालेली तव्याची बाजू खाली आली, म्हणून प्रारण वाढले. फ्लास्क शिकवणाऱ्या माणसाला झाकण निवडताना हे आठवू नये, ह्याला काय म्हणावे? मला वाटते, आकृतीतले ज्ञान आकृतीतच राहते. (तवा झाकणापेक्षा जाडही होता, म्हणून केवळ काळेपणालाच श्रेय देणे घाईचे, हे एका मुलीने नंतर दाखवून दिले. मग आम्ही दोन सारख्या ताटल्या घेतल्या, एकीची खालची बाजू दिव्याच्या काजळीने काळी केली आणि खाली पावाचे काप ठेवून पाहिले. काळ्या ताटलीखालचा काप आधी तांबूस झाला. तो काप खायचा नाही, काजळी गळते.)

प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. अर्थात तापमान केल्विनमध्ये मोजायचे. झाकण २०० अंश सेल्सिअसवर असेल तर ते ४७३ केल्विन, ३०० वर असेल तर ५७३. दोहोंचे गुणोत्तर १.२१, आणि त्याचा चौथा घात सुमारे २.१५. शंभर अंशांच्या फरकाने प्रारण दुपटीहून अधिक! म्हणून निखाऱ्यांवरची राख मधूनमधून झटकावी लागते. म्हणूनच जाणत्या बाया वर निखारे जास्त घालतात आणि खाली थोडे ठेवतात. खाली भांडे पदार्थाला चिकटलेले, तेथे थोडक्यात काम भागते. वर पोकळी ओलांडायची असते. खालची आच आणखी सौम्य करण्यासाठी आम्ही मोठ्या टोपात दोन बोटे धुतलेली वाळू पसरून तिच्यावर डिपचे पसरट भांडे ठेवले. नानकटाई ज्यांनी घरी केली असेल त्यांना ही वाळू ओळखीची आहे.

आणखी एक हिशेब मला फार आवडतो. पालकात वजनाच्या सुमारे नऊ दशांश पाणीच असते. हे पाणी लगद्यात राहिले तर काय होते? पाणी असेपर्यंत माथ्याचे तापमान १०० अंशांच्या वर चढत नाही, आणि खरपूस रंग येण्यासाठी ते साधारण १४० पर्यंत जावे लागते. प्रथिने आणि शर्करा ह्यांच्यातील ही रासायनिक क्रिया लुई कामीय मायार ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये वर्णन केली. आता शंभर ग्रॅम पाणी ३० अंशांपासून १०० अंशांपर्यंत तापवायला ७,००० कॅलरी पुरतात. पण तेच पाणी त्याच तापमानाला वाफ करून घालवायला ५४,००० कॅलरी लागतात. जवळजवळ आठपट. हा अप्रकट उष्मा निखाऱ्यांकडून वसूल करायचा, की पालक वाफवून फडक्यात घट्ट पिळून काढायचा? मुलांनी पिळला. पिळलेले पाणी पेल्यात मोजून घेतले तेव्हा, किती कोळसा वाचला, हा प्रश्न कोणाला विचारावा लागला नाही. ते पाणी टाकू नका, आमटीत घाला.

चिजाविषयी थोडे सांगतो. हा प्रांत माझा नव्हे, रसायनशास्त्राच्या मित्रांचा. चिजाऐवजी घरचे पनीर का नको, असे एका पालकांनी विचारले. प्रश्न रास्त आहे, कारण चीज महाग. पण पनीर वितळत नाही. दुधातले केसीन हे प्रथिन बारीक कणांच्या रूपात असते आणि ते कण कॅल्शियमच्या क्षारांनी बांधलेले असतात. लिंबू पिळून दूध नासवले की आम्लामुळे ते कॅल्शियम निघून जाते आणि प्रथिनांचा गोळा असा घट्ट बांधला जातो, की तापवल्यावर तो आणखी आक्रसतो, वाहत नाही. रेनेट ह्या विकराने दूध विरजवून केलेल्या चिजात कॅल्शियम बरेचसे राहते. तापवल्यावर आतली चरबी पातळ होते आणि प्रथिनांची जाळी सैल होऊन सरकू लागते. फार तापवले तर मात्र तूप सुटून वेगळे होते. हा दोष टाळण्यासाठी स्वित्झर्लंडमध्ये १९११ च्या सुमारास सायट्रेट क्षार मिसळून चीज पुन्हा वितळवण्याची युक्ती निघाली. तेच प्रोसेस्ड चीज. दुकानातल्या डब्यावरची घटकांची यादी वाचा, बहुधा सोडियम सायट्रेट सापडेल. स्वस्तात करायचे असेल तर चीज निम्मे करा आणि उकडलेला बटाटा कुस्करून घाला. चव उतरते, भौतिकशास्त्र तेच राहते.

आता तिखट. सहा मिरच्या घातल्यावर खाद्यसमितीच्या प्रमुखाने गार लगदा चाखून 'अगदी मिळमिळीत' असा निकाल दिला आणि आणखी चार घालण्यास निघाला. मी त्याला थांबवले. मिरचीतले कॅप्सेसिन जिभेवरच्या ज्या चेतातंतूंना चाळवते, त्यांच्या पटलात एक सूक्ष्म दार आहे. तेच दार सुमारे ४३ अंशांच्या वर उष्णतेनेही उघडते. १९९७ मध्ये अमेरिकेतील डेव्हिड ज्यूलियस ह्यांच्या प्रयोगशाळेने हे दार ओळखले आणि २०२१ मध्ये त्यांना आर्डेम पॅटापूटियन ह्यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे 'तिखट लागले' आणि 'चटका बसला' ह्या दोन तक्रारी मेंदूकडे एकाच दारातून जातात. गार असताना मिळमिळीत वाटणारे डिप कढत वाढले की तोंड पोळवते. तेव्हा चाखायचे ते वाढतानाच्या तापमानाला. आणि तोंड पोळलेच तर पाणी पिऊ नका; कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा ताक प्या.

ह्या मिरचीवरून आठवले. 'हे परदेशी पदार्थ आपल्याकडे कशाला?' असे एक ज्येष्ठ गृहस्थ म्हणाले. त्यांच्या ताटात त्या वेळी मिरचीचा ठेचा होता. खारेपाटण हे जुने बंदर. शिलाहार राजा रट्टराज ह्याचा येथे सापडलेला ताम्रपट शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ मधला. त्या राजाच्या मुदपाकखान्यात तिखटाला मिरी होती, मिरची नव्हती. मिरची अमेरिका खंडातली, ती पोर्तुगीजांबरोबर सोळाव्या शतकात गोव्याच्या बाजूने आली. काजूही तसाच आला. जे समुद्रावरून आले आणि आपण आपल्या पद्धतीने शिजवले, ते आपले झाले. डिपला आम्ही बिस्किटे आणली नाहीत. तांदळाच्या भाकरीचे त्रिकोणी तुकडे कडक भाजून घेतले. चिजाची ही सोबत मला पावापेक्षा बरी वाटली.

शिक्षकबंधु-भगिनींचे आक्षेप मला ठाऊक आहेत. शाळेत विस्तव नको, हा पहिला. तो पूर्णपणे खरा आहे, म्हणून हे काम उघड्या अंगणात करावे, वर्गात मुळीच नाही. पेटत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड हा वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही आणि बंद खोलीत तो माणसाचा जीव घेतो. हे वाक्य परीक्षेत येवो न येवो, प्रत्येक मुलाला पाठ असले पाहिजे. पाण्याची बादली आणि वाळूचे घमेले शेजारी हवे, निखारे हलवायला लांब चिमटा हवा आणि ओढणी कमरेला खोचलेली हवी. दुसरी काळजी अन्नाची. दूध-चिजाचा पदार्थ कोमट राहिला की त्यात जीवाणू भराभर वाढतात. कोकणातल्या उकाड्यात भाषणे लांबतात आणि डिप तसेच उघडे राहते. वाढेपर्यंत ६० अंशांच्या वर गरम ठेवावे, आणि तसे जमले नाही तर एखाद्या तासात संपवावे. भाषणे कोठे कापायची ते मुख्याध्यापकांनी ठरवावे.

अभ्यासक्रमात बसत नाही, हा तिसरा आक्षेप मात्र मला मान्य नाही. काउंट रम्फर्ड ह्याने तोफेच्या नळ्या कोरताना होणाऱ्या उष्णतेवर १७९८ मध्ये निबंध वाचला आणि उष्णता हा पदार्थ नसून गती आहे असे मांडले. तो निबंध आपण शिकवतो. त्याच रम्फर्डने स्वयंपाकाच्या चुलींवर आणि भांड्यांवरही विस्ताराने लिहिले, ते आपण सांगत नाही. त्याने ज्या रॉयल इन्स्टिट्यूशनच्या स्थापनेत पुढाकार घेतला, तेथेच १९६९ मध्ये निकोलस कुर्टी ह्या भौतिकशास्त्रज्ञाने स्वयंपाकघरातील भौतिकशास्त्रावर व्याख्यान दिले. अतिनीच तापमानांवर जन्मभर काम केलेला हा माणूस. आपण दूरच्या ग्रहांच्या वातावरणाचे तापमान मोजतो आणि आपल्या पदार्थाच्या पोटातले मोजत नाही, अशी त्याची तक्रार होती. माझी तक्रार त्याहून घरगुती आहे. आमच्या समितीत 'करायचे' मुलींनी आणि 'मोजायचे' मुलग्यांनी, अशी वाटणी पहिल्याच दिवशी आपोआप झाली. मी ती उलटी केली. थर्मामीटर मुलींकडे, पालक पिळणे मुलग्यांकडे. दोघांनाही आपल्या वाट्याचे काम अवघड गेले. आणि कुंपणापलीकडच्या आजींना झाकणाच्या काळ्या बाजूचे मर्म माहीत असूनही, विज्ञानाचे कोणाला काही कळते का असे विचारले असते तर त्यांनी मान हलवून नाही म्हटले असते. ही समजूत त्यांना आपणच दिली आहे.

समारंभाच्या दिवशी टोप उघडला तेव्हा माथ्यावर खरपूस रंगाचे एक कडे उमटले होते. कडेला तांबूस, मधोमध फिकट. कारण सोपे, असे मी लगेच म्हणालो : पालथा तवा घुमटासारखा, निखारे घसरून कडेला जमले. ती झाकणाच्या जाडीची शंका काढणारी मुलगी म्हणाली, "सर, पण घुमटाखाली मधली जागा तव्यापासून लांबही आहे ना?" म्हणजे कारणे दोन झाली. कोणत्याचा वाटा किती? डोशाचा सपाट तवा घेऊन निखारे आधी सारखे पसरायचे, मग मुद्दाम कडेलाच ठेवायचे आणि दोन्ही वेळी पावाच्या कापांवर उमटणारा रंग ताडून पाहायचा. हा प्रयोग आम्ही अजून केलेला नाही. तुमच्या घरी असा तवा असेल तर तुम्ही आमच्याआधी करून पाहा, आणि काय दिसले ते कळवा.